कोऱ्या कापडातला भात

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिचा ताप उतरून आता बरेच दिवस झाले, हे तुला फोनवर सांगितलं होतं. जे सांगितलं नाही ते लिहितो. फोन दुकानात असतो आणि ही शेजारीच काजं-बटणं करत बसलेली असते, त्यामुळे बोलता येत नाही.

ताप गेला तो हिचा वास आणि चव बरोबर घेऊन गेला. आधी आम्हाला वाटलं, आजारपणानं तोंड बेचव झालं असेल, येईल ठिकाणावर. पण तसं नाही. कांदा फोडून समोर धरला तर डोळ्यांना पाणी येतं, नाकाला पत्ता नाही. जेवते म्हणजे नुसती चावते. कसं लागतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्ही कोटाच्या खांद्यात भरता ना, तो कापूस ओला करून खाल्ल्यासारखं.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं कधी मीठ मोजून घातलं नाही, हे तुला ठाऊक आहे. डाव वर उचलायचा, तळहातावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा, की झालं. तापानंतर कामावर गेली त्या दिवशी डाळीत मीठ दोनदा पडलं. मुलांनी ताटं तशीच पुढे सरकवली. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. दुसऱ्या दिवशी दूध खाली लागलं, करपलं, आणि ही शेगडीपाशी उभी असून तिला कळलं नाही. वरच्या वर्गातल्या बाई धावत खाली आल्या. त्या दिवशी ही घरी आली ती स्वतःचा डाव पिशवीत घालून.

मुख्याध्यापिका भल्या आहेत. सुट्टी लागेपर्यंत त्यांनी एक बदली बाई ठेवली आहे आणि शाळा उघडण्याआधी काय ते कळवा म्हणाल्या आहेत. हिचं उत्तर आजच तयार आहे. ज्या बाईला करपलेलं कळत नाही तिनं पोरांच्या ताटात काही वाढू नये, असं तिचं म्हणणं. नाकाचे डॉक्टर म्हणाले, वासाची नस दमली आहे; परत येईल, कदाचित येणार नाही. रोज निरनिराळे वास घ्यायला लावा. आमचं स्वयंपाकघर हुंगून संपलं.

ताई, तक्रार करत नाही. तापाच्या दिवसांत मी देवाकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती त्यानं दिली. आता परत हात पसरायला लाज वाटते. माणूस दिलंस, त्याचं नाकही दे, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पण रोज हात जोडले की तेच ओठांवर येतं.

घरचा स्वयंपाक अजून तीच करते. मी पानावर बसलो की विचारते, मीठ कसं आहे. मी म्हणतो, ठीक आहे. काल म्हणाली, लग्न झाल्यापासून तुम्ही ठीकच म्हणत आलात, तुमची साक्ष काय कामाची. खरं आहे तिचं.

तुझी माया आमच्या वाट्याला आजवर भरपूर आली. अजून थोडी मागतो.

तुझा
बापू


१५ एप्रिल

चि. बापूस,
अ. आ.

पाकिटावर तिकीट वाकडं लावलं होतंस. सारं आयुष्य टपालात काढलेल्या बहिणीला असं पाकीट पाठवतोस आणि लोकांच्या कॉलरी सरळ शिवतोस, याचं नवल वाटतं.

पत्र दोनदा वाचलं. रडले नाही, कारण शेजारीण समोर बसली होती. मग तिलाच सगळं सांगितलं. ही शेजारीण इस्पितळात काम करते, फार लांबच्या मुलखातली आहे. तिच्याकडे एक तांदूळ असतो, आपल्या तांदळाहून आखूड आणि दुधासारखा पांढरा. शिजला की दाणा दाण्याला धरून राहतो. तिच्या घरी सुट्टीच्या दिवशी त्याचा गोड भात होतो, नारळाच्या दुधातला. मला वाटीभर आणून देते. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा चव कळायच्या आधी दातांना मजा वाटली. तो चावताना मऊ लागतो, पण लगेच हार मानत नाही. तुझ्यासारखाच.

तेव्हाच मनात आलं ते लिहिते. तुझ्या बायकोला डाळ खाताना डाळीची आठवण येते, आणि आठवणीसारखं काही लागत नाही, म्हणून घास कापसाचा होतो. तर तिला असं काही द्यावं जे तिनं जन्मात खाल्लेलं नाही. आपले गुरुजी नवं अक्षर शिकवताना पाटी आधी स्वच्छ पुसायला लावायचे, तसं. नाक येईल न येईल, ते माझ्या हातात नाही. पण निदान एक पदार्थ तरी असा असू दे ज्याच्यात तिला काही हरवल्यासारखं वाटणार नाही.

पुडा सोबत पाठवला आहे. कृती शेजारणीनं सांगितली तशी लिहिते. तांदूळ रात्रभर भिजत घालायचा. सकाळी निथळून, पाण्यात न शिजवता वाफेवर शिजवायचा: पातेल्यात पाणी, वर चाळण, चाळणीत कापड, कापडात तांदूळ, वर झाकण. मध्ये एकदा उलटा करायचा. नारळाच्या दुधात साखर आणि चिमूटभर मीठ घालून ते नुसतं गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. भात गरम असतानाच त्यावर ओतायचं आणि झाकून ठेवायचं. सगळं दूध पिऊन घेईपर्यंत झाकण उघडून बघायचं नाही. वरून भाजलेले तीळ.

हे तू करायचं आहेस, तिनं नाही. कापड चांगलं घे. शिंप्याच्या घरात कापडाला काय तोटा.

दोघांची वाट बघते, निदान पत्राची तरी.

तुझी
ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिकीट या खेपेस पट्टी लावून चिकटवलं आहे.

पुडा मिळाला. आता झालं ते ऐक आणि हसून घे. तू लिहिलं होतंस की रात्रभर भिजवायचा. मी तांदूळ भिजवायला विसरलो, आणि सकाळी वाटलं की भात तो भात. कुकरमध्ये भरपूर पाणी घातलं, शिट्ट्या घेतल्या. उघडून पाहतो तर आत खळ. पुस्तकं बांधणारे लावतात तशी, घट्ट, चकचकीत खळ. पळी उभी केली, ती उभीच राहिली.

ही दारात उभी राहून बघत होती. तिनं पळीला बोट लावलं, ती हलेना, आणि तिला हसू फुटलं. आजारपणानंतरचं पहिलं हसू, ताई. हसता हसता स्टुलावर बसली. म्हणाली, उद्या गिऱ्हाइकाची कॉलर शिवू नका, चिकटवून द्या. मी खरंच त्यातली थोडी वाटीत काढून दुकानात नेली आणि मापाचे फाटलेले कागद तिनं चिकटवले. उत्तम चिकटले. तेव्हा तुझा तांदूळ वाया गेला असं समजू नकोस. अर्धा पुडा अजून शिल्लक आहे.

हसण्यानंतरचंही लिहायला हवं. संध्याकाळी तिनं पिशवीतून डाव काढला, चिंच लावून लख्ख घासला, जुन्या कापडात गुंडाळला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. तिचा हात पोचत नव्हता, मला ठेवायला सांगितला. मी ठेवला. मग म्हणाली, मुख्याध्यापिकाबाईंना निरोप पाठवा, सुट्टी संपायच्या आत एकदा घरी या म्हणावं. नाही म्हणायचं ते समोर बसवून, चहा देऊन म्हणेन. निरोप पाठवला आहे. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी त्या येतील.

दुकानात ती येऊन बसते ते मला आवडतं, हे कबूल करतो. इतकी वर्षं एकट्याचं मशीन ऐकत होतो. पण तिचे हात सुईसाठी नाहीत. बटणं पक्की लावते, मान मात्र रस्त्याकडे असते. सुट्टीतही शाळेतलं एखादं पोर जाताना दिसलं की सुई थांबते.

काही सुचलं तर लगेच लिही. तू लिहिलंस की मला लहानपणी हात धरून शाळेत नेल्यासारखं वाटतं.

तुझा
बापू


७ मे

चि. बापूस,
अ. आ.

घाईनं लिहिते, रविवारच्या आत पोचावं म्हणून. टपालात माझी अजून ओळख आहे, पण वेळेवर पोचवण्याइतकी आहे की नाही ते बघू.

शेजारणीला कुकरचं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला आणि मग तुझ्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवली: वाफेवरचा भात झाला की नाही हे डोळ्यांनी बघू नये, बोटांनी बघावं. चिमूट घेऊन दाबली की दाणा सपाट व्हावा, पण मोडू नये. हे नाक नसलेल्या माणसालाही करता येतं. कळलं का मी हे कुणासाठी लिहिते आहे?

रविवारी मुख्याध्यापिकाबाईंना चहाबरोबर हाच भात दे. तिला नाही म्हणायचं असेल तर म्हणू दे, तू अडवू नकोस. पण रिकाम्या हातानं निरोप द्यायची तिची रीत नाही. सगळा भार देवावर टाक, मात्र तांदूळ शनिवारी रात्री तूच भिजत घाल.

तिला माझे आशीर्वाद सांग. आणि सांग की मला तिच्या हातच्या डाळीत मीठ दोनदा पडलेलंही चालेल, माझा रक्तदाब आधीच वाढलेला आहे.

तुम्हा दोघांना मनात धरून आहे.

ताई


१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी पोचलं. टपालवाल्याला पाणी दिलं. तो गेल्यावर एकट्यानंच हात जोडले. कुणाला जोडले, तुला की देवाला, ते नीट ठरवलं नाही.

तांदूळ भिजवला. रविवारी सकाळी निथळला. मग कापडाचा प्रश्न आला. घरातल्या फडक्यांना हळदीचे, तेलाचे डाग. मुख्याध्यापिकाबाई येणार, त्यांना डागाळलेल्या फडक्यातला भात द्यायचा हे मनाला पटेना. तूही लिहिलं होतंस, चांगलं घे. दुकानात पांढऱ्या मलमलीचा तागा आला होता, अजून न उघडलेला. त्याचं पहिलं टोक कापलं. कात्री चालवताना फार समाधान वाटलं. चांगल्या कामाला चांगलं कापड.

हिनं ठरवलं होतं की हात लावायचा नाही. पाठ करून खिडकीत बसली. पाण्याला उकळी आली, वाफ चाळणीतून वर यायला लागली. मी झाकण उचललं तर ती खिडकीतूनच म्हणाली की झाकण इतक्यांदा उघडलं तर वाफ काय बाहेर फिरायला जाणार आहे का. थोड्या वेळानं म्हणाली, पाण्याचा आवाज कोरडा येतोय, पाणी घाला. पाहिलं तर खरंच तळ दिसत होता. पुढे भात उलटायची वेळ आली, मी कापडाची दोन टोकं धरली आणि तिसरं सुटलं. तेव्हा मात्र ती उठली. मला बाजूला सारलं, चारही टोकं गोळा केली, मनगटाला एक हिसका दिला आणि सगळा भात अख्खा भाकरीसारखा उलटा पडला. तू सांगितलंस तशी चिमूट घेऊन तिनं दाबून पाहिली. अजून नाही, म्हणाली. मग परत दाबली. आता झाला, म्हणाली. मी विचारलं, कशावरून. तर हात पुढे करून बोटं दाखवली.

नारळाचं दूध मी गरम केलं, उकळू दिलं नाही. ओतलं, झाकलं. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या.

मी तीन वाट्या भरल्या. बाईंनी चमचाभर खाल्लं, जरा थांबल्या, मग म्हणाल्या की फार छान आहे, वेगळंच लागतं. मी खाल्लं. मलाही छान लागलं. गोड, दमदार, दातांना धरून राहणारं. हिनं वाटी मांडीवर ठेवली होती. बोलायचं ते आधी बोलून टाकावं असं तिच्या मनात होतं, मला दिसत होतं. बाई म्हणाल्या, आधी खाऊन तर घ्या. म्हणून तिनं एक घास घेतला.

चावता चावता थांबली. माझ्याकडे बघितलं. दुसरा घास घेतला, तो नाकाशी धरला, मग खाल्ला. मला वाटलं, खडा लागला. तिनं मला विचारलं, कापड कुठलं घेतलं होतं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की अगदी कोरं, ताग्याच्या टोकाचं, आजवर कुणाचा हात न लागलेलं. तिनं विचारलं, धुतलं होतं का. मी म्हणालो, कोरं कापड कशाला धुवायचं. तर म्हणाली, अहो, भाताला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येतोय, तुमच्या दुकानासारखा.

ताई, माझ्या काही ध्यानातच येईना. मी म्हणालो, छे, कुठे येतोय. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, वास येतोय असं कोण म्हणतंय ते. मुख्याध्यापिकाबाईंनी चमचा हळूच खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की येतोय, पहिल्या घासापासून येतोय. त्यांना वाटलं या पदार्थाची रीतच तशी असेल, म्हणून त्या गप्प बसल्या. मी दिवसभर त्याच वासात बसणारा माणूस, मला तो कसा कळावा?

ही उठली, स्वयंपाकघरात गेली, डबे उघडल्याचे आवाज आले. नारळ हुंगला, तीळ हुंगले, चहाची पूड हुंगली. बाहेर येऊन म्हणाली, नाही, बाकी काही नाही. एवढंच येतंय. वाटी उचलून परत नाकाशी धरली आणि आम्ही दोघं बघत असताना तो खळकट भात तिनं सगळा खाल्ला. कापूस लागत नाही, म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मधूनमधून माझ्या नावानं बोटं मोडणंही चालू होतं, की एवढ्या वर्षांत कोरं कापड आधी पाण्यातून काढतात हे गिऱ्हाइकांना सांगता आणि घरी हा उद्योग.

नाही म्हणायचं राहून गेलं. बाईच म्हणाल्या, शाळा उघडेल तेव्हा या. बदली बाई आहेच, मीठ ती बघेल, बाकी हात तुमचा. आणि नाक जसं येईल तसं येऊ द्या. हिनं हो म्हटलं नाही, पण त्यांना दारापर्यंत पोचवताना उरलेला भात डब्यात घालून द्यायला निघाली. बाईंनी फार नम्रपणे नको म्हटलं.

नंतर मी देवापुढे बसलो. मी चुकलो म्हणून तिला मिळालं. नीट करायला गेलो असतो, कापड धुतलं असतं, तर तो भात तिला परत कापसाचाच लागला असता. माझ्या चुकीतूनही त्याला वाट काढता येते, तर मी इतके दिवस कसली काळजी करत होतो? आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, एक वास आला ही चांगली खूण आहे, घाई करू नका.

संध्याकाळी तिनं फळीवरचा डाव काढून मागितला. मी दिला.

शेजारीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि जमलं तर खळीचं सांगू नकोस.

तुझ्या ऋणात राहण्यात सुख आहे, म्हणून फेडायचं बोलत नाही.

तुझा
बापू


२० जून

ती. वन्संस,
शि. सा. न.

तुमच्या भावांनी तुम्हाला सगळं लिहिलं असेल, आणि तिखटमीठ लावून लिहिलं असेल. तिखटमीठ आता मला थोडं कळतं, म्हणून हे पत्र माझ्या हातानं लिहिते. पत्र लिहायची सवय नाही, अक्षराला हसू नका.

शाळा उघडली. मी जाते. पहिल्या दिवशी मीठ बदली बाईंनी घातलं, मी डाळ ढवळली. मुलांनी ताटं चाटून ठेवली. कुणाच्या हाताला यश आलं ते आम्ही दोघी एकमेकींवर ढकलत होतो. परवा मला फोडणीचा वास आला, अगदी लांबून, शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसा. काल परत नाही आला. येतो, जातो. डॉक्टर म्हणतात असंच होतं. मी त्याच्या मागे लागत नाही. आला की बसायला पाट देते.

तुमचा तांदूळ परत एकदा केला. तुमच्या शेजारीणबाईंनी नवा पुडा दिला हे त्यांचे उपकार. या खेपेस कापड मी स्वतः गरम पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं. भात फार सुरेख झाला. हे दोन वाट्या जेवले आणि नेहमीप्रमाणे ठीक आहे म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, नाही, फार छान झाला आहे. इतक्या वर्षांनी दुसरा शब्द मिळाला. तो तुमच्यामुळे.

आता जे यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. त्या चांगल्या भाताला मला काहीच वास आला नाही. दातांना कळला, गोडही थोडा कळला, पण वास नाही. वाटलं, ते त्या दिवशीचं एकदाचंच होतं. हात धुतले आणि तशीच दुकानात गेले. हे गिऱ्हाइकाचं माप घेत होते. मी मागच्या बाजूला त्या मलमलीच्या ताग्यापाशी गेले आणि त्याला तोंड लावून श्वास घेतला. होता. तिथेच होता, खळीचा, कोरा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा यांच्या सदऱ्याला यायचा तोच. मधल्या वर्षांत मला तो यायचा बंद झाला होता, यांना येत नाही तसा. परत आला तेव्हा सगळ्यांत आधी हाच आला.

तेव्हापासून शाळेतून येताना रोज दुकानावरून येते. हे म्हणतात, दमून येतेस, बटणं राहू देत, कशाला बसतेस. त्यांना वाटतं मी बटणं लावायला येते. वाटू दे. तुम्हीही काही लिहू नका.

इकडे सगळं बरं आहे, आणि ते बरं असण्यात तुमचा वाटा मोठा आहे. एकदा या. तुम्हाला भात करून घालीन, धुतलेल्या कापडातला.

तुमची
भावजय